हाँगकाँग बंदरातील मुंबईच्या खुणा

बंदरावर वसलेल्या शहराचा इतिहास एकाच ठिकाणी वाचून भागत नाही. त्याची अर्धी पाने त्या शहरात असतात आणि उरलेली अर्धी, तेथून सुटलेली गलबते ज्या किनाऱ्यांना लागली, त्या किनाऱ्यांवर विखुरलेली असतात. मुंबईचा इतिहास सांगताना आपण बहुधा पश्चिमेकडे पाहतो. पोर्तुगीज लिस्बनहून आले, इंग्रज लंडनहून आले, मुंबईची बेटे लग्नात आंदण म्हणून दिली गेली, हे शाळेतील मुलांनाही पाठ असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईला जी श्रीमंती आली, तिचा फार मोठा वाटा पूर्वेकडून, चीनच्या समुद्रातून आला, याची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

आमच्या वाचकांच्या घरांत हाँगकाँग हे नाव नवे नाही. वसई काय, बांद्रे काय किंवा गोवा काय, आपल्या समाजातील पुष्कळ कर्त्या पुरुषांनी बोटीवर नोकरी करून संसार उभे केले. हाँगकाँगहून आणलेले घड्याळ, रेडिओ किंवा लग्नाच्या झग्याचे कापड कोणत्या ना कोणत्या घरात कौतुकाने दाखविले जात असे. मात्र त्यांच्याही आधी शंभर वर्षे मुंबईची माणसे त्या बंदरात काय घेऊन गेली आणि तेथून काय घेऊन आली, हा हिशेब आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या शहरात चार दिवस राहण्याचा योग आम्हांला आला, तेव्हा हा हिशेब रस्त्यांच्या पाट्यांवर, रुग्णालयांच्या दारांवर आणि थडग्यांच्या दगडांवर आम्हांला वाचावयास मिळाला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सोबतीला आमच्या धर्मग्रामातील एक मित्र होते. जहाजावर इंजिनियर म्हणून त्यांनी हयात घालविली. निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. हाँगकाँगच्या बंदरात त्यांचे जहाज अनेकदा नांगरलेले. मात्र शहर पाहावयास सवड मिळाली ती आताच. आम्हांला ते शहर पुस्तकांतून थोडेफार ठाऊक होते, त्यांना समुद्राकडून. दोघांचे अर्धे अर्धे ज्ञान जोडून आम्ही फिरलो.

आरंभ केला तो कौलूनच्या टोकावरील चिम शा चुई येथून. तेथे धक्क्याजवळ लाल विटांचा एक उंच घड्याळाचा मनोरा उभा आहे. १९१५ साली बांधलेल्या या मनोऱ्यामागे पूर्वी रेल्वेचे मोठे स्थानक होते; स्थानक पाडले गेले, मनोरा तेवढा राखला. येथून समोरच्या हाँगकाँग बेटावर जाण्यासाठी ‘स्टार फेरी’च्या हिरव्या-पांढऱ्या बोटी सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला किंवा रेवसला गेलेल्या माणसाला या बोटीत बसताना परके वाटत नाही. तेच डिझेलचे धूर, तीच दोराची फेकाफेक, तीच लाकडी बाके. फरक इतकाच की येथील बाकांची पाठ उलटी फिरविता येते, म्हणजे बोट कोणत्याही दिशेने निघाली तरी उतारूंना समोर पाहून बसता येते.

ही फेरी दोराबजी नवरोजी नावाच्या मुंबईच्या एका पारशाने सुरू केली. १८५२ च्या सुमारास हा तरुण चीनकडे जाणाऱ्या जहाजात लपून हाँगकाँगला पोहोचला, असे सांगतात. तेथे त्याने आधी आचाऱ्याचे काम केले, मग पाव भाजण्याची भट्टी घातली, पुढे हॉटेल काढले आणि १८८८ साली खाडी ओलांडणाऱ्या वाफेच्या बोटी नियमाने सोडण्यास आरंभ केला. बोटींची नावे त्याने ‘तारा’ या शब्दावरून ठेविली. १८९८ साली त्याचा धंदा दुसऱ्या मालकांकडे गेला आणि त्या नावांवरूनच कंपनी ‘स्टार फेरी’ झाली. सामान्य माणसाच्या जीवनाशी ही फेरी इतकी जोडलेली होती की १९६६ साली तिचे भाडे अवघ्या पाच सेंटांनी वाढविण्याचे ठरले, तेव्हा शहरात दंगल उसळली. २००६ साली बेटाकडील जुना धक्का बंद करून समुद्रात भर टाकून केलेल्या जमिनीच्या पुढे नवा धक्का बांधला गेला, त्या वेळीही लोक हळहळले आणि रस्त्यावर आले.

बोट खाडीच्या मध्यावर आली तेव्हा मित्र म्हणाले, “फादर, हे बंदर देवानेच बांधून ठेवले आहे पाहा. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये खोल पाणी. बाहेर तुफान असले तरी आत जहाज सुखरूप. पण माणसाने भर टाकून टाकून ते किती अरुंद केले! माझ्या तरुणपणी हे अंतर केवढे वाटायचे.” ते खरेच आहे. हाँगकाँगमधील क्वीन्स रोड हा एके काळी किनाऱ्याचा रस्ता होता. आज तो उंच इमारतींच्या आड, समुद्रापासून कितीतरी आत गेला आहे. अखेरीस १९९७ साली बंदराचे पाणी आणखी बुजविले जाऊ नये म्हणून कायदा करावा लागला. आपल्या मुंबईची सात बेटे एक झाली तीही अशीच.

परंतु या पाण्याशी मुंबईचे नाते फेरीच्याही पूर्वीचे आहे. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंग शहराजवळ यांगत्से नदीत उभ्या असलेल्या ‘कॉर्नवालिस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर चीनने तहावर सही केली. त्या तहाने हाँगकाँग बेट इंग्रजांना कायमचे मिळाले, पाच बंदरे परदेशी व्यापाराला उघडली आणि चीनवर दोन कोटी दहा लाख चांदीच्या डॉलरांचा दंड बसला. ही ‘कॉर्नवालिस’ कोठे बांधली गेली? आपल्या मुंबईच्या गोदीत. जमशेटजी बोमनजी वाडिया या निष्णात पारशी कारागिराच्या देखरेखीखाली सागवानी लाकडाची ही चौऱ्याहत्तर तोफांची नौका १८१३ साली पाण्यात सोडली गेली. ज्या फळ्यांवर उभे राहून चीनच्या प्रतिनिधींनी आपल्या देशाची मानहानी लिहून दिली, त्या फळ्या मुंबईच्या सुतारांच्या हातांनी रंधल्या होत्या.

हे युद्ध कशासाठी झाले, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता आणि चिनी लोकांना इंग्रजांचे फारसे काही नको होते. त्यामुळे चहाची किंमत चांदीत मोजावी लागे. ही चांदी परत मिळविण्याचा जो मार्ग सापडला, तो अफूचा. बंगाल आणि बिहारकडील अफू कंपनी सरकारच्या मक्त्यात होती. माळव्याची अफू मात्र खाजगी व्यापाऱ्यांच्या हाती होती. ती आधी मुख्यतः पोर्तुगीजांच्या दमणमार्गे आणि पुढे परवाना-जकात भरून मुंबईमार्गे चीनला जाऊ लागली. माळव्यातील शेतकरी सावकाराच्या उचलीवर पोस्त पिकवीत, त्याच्या बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करीत, आणि त्या चिकाच्या पेट्या बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून किनाऱ्याला येत. चीनमध्ये अफूला बंदी होती, म्हणून ही सारी विक्री चोरट्या मार्गाने होई.

१८३९ साली चीनच्या बादशहाने लिन झेशू नावाच्या करारी अधिकाऱ्यास कँटनला पाठविले. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि जून महिन्यात खाऱ्या पाण्यात चुना टाकून त्या अफूचा नाश केला. हे काम सुमारे तीन आठवडे चालले होते. समुद्र दूषित होणार म्हणून त्याने आधी समुद्रदेवतेची क्षमा मागितली, अशी नोंद आहे. इंग्लंडच्या राणीला उद्देशून त्याने एक पत्रही लिहिले. आपल्या नफ्यासाठी परक्यांच्या लेकरांना विष देणे कोणत्या न्यायात बसते, असा त्याचा आशय होता. या पत्राचे उत्तर तोफांनी मिळाले. १८४२ च्या तहात दंडाची जी रक्कम ठरली, तिच्यात साठ लाख डॉलर नष्ट झालेल्या अफूची भरपाई म्हणून होते.

त्या काळी या धंद्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, असे आज कोणी म्हणेल. ते खरे नाही. एप्रिल १८४० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या युद्धावर वाद झाला, तरुण ग्लॅडस्टन यांनी त्याचा कडक शब्दांत निषेध केला आणि सरकार २७१ विरुद्ध २६२, म्हणजे अवघ्या नऊ मतांनी तरले. प्रश्न त्यांना कळला होता. उत्तर मात्र फायद्याच्या बाजूने दिले गेले.

बेटावर उतरल्यावर क्वीन्स रोडच्या एका बाजूला ग्युत्स्लाफ यांच्या नावाची अरुंद गल्ली लागते. हे प्रॉटेस्टंट मिशनरी चिनी भाषेचे मोठे जाणकार होते. धर्मपुस्तिका चीनच्या किनाऱ्यावर वाटता याव्यात म्हणून १८३० च्या दशकात त्यांनी अफूच्या जहाजांवर दुभाष्याचे काम पत्करले. एका बाजूने अफूच्या पेट्या उतरत आणि दुसऱ्या बाजूने शुभवर्तमानाची पाने. हे आम्ही दुसऱ्या पंथाकडे बोट दाखविण्यासाठी सांगत नाही. मुंबईतील अफूच्या मोठ्या व्यापाऱ्यांत गोव्याचे रोजेरियो द फारिया हे आपल्याच कॅथलिक धर्माचे होते. पारशी, जैन, कोकणी मुसलमान, बगदादी यहुदी आणि ख्रिस्ती असे सर्व धर्मांचे लोक या एका धंद्यात गुण्यागोविंदाने भागीदार होते. सर्वधर्मसमभावाचे हे उदाहरण अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

या व्यापाऱ्यांचे मेरुमणी म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई. १७८३ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी प्रथम चीनला गेला आणि त्याने एकूण पाच सफरी केल्या. १८०५ साली फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले, तेव्हा त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा इंग्रज कंपनीचा डॉक्टर होता. संकटात जडलेली ही मैत्री पुढे व्यापारात फळली. हाँगकाँगमधील प्रख्यात जार्डिन-मॅथिसन पेढीचा हाच तो जार्डिन. कापूस आणि अफू यांच्या व्यापारात जमशेटजींनी अमाप संपत्ती मिळविली आणि ती मुक्तहस्ताने दान केली. १८४२ साली, म्हणजे नानकिंगच्या तहाच्याच वर्षी, ते ‘सर’ झाले. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले. त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, त्यांतून माहीम आणि बांद्रे यांना जोडणारा माहीमचा कॉजवे १८४५ साली पुरा झाला. त्यावर पथकर घेऊ नये, अशी त्या माऊलीची अट होती. ससून घराण्याचेही तसेच. मुंबईतील ससून गोदी आणि पुण्याचे ससून रुग्णालय यांना ज्यांचे नाव आहे, त्या घराण्याच्या पेढीचाही अफू हा मोठा व्यवहार होता. १८६५ साली हाँगकाँगमध्ये जी मोठी बँक निघाली, तिच्या पहिल्या समितीत ससून घराण्याचे आणि पारशी व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पझेशन स्ट्रीटवर गेलो. २६ जानेवारी १८४१ रोजी इंग्रजांनी येथे झेंडा लावून बेटाचा ताबा घेतला. आपल्याला पुढे जी तारीख प्रजासत्ताकाची म्हणून प्रिय झाली, ती येथे परसत्तेच्या आगमनाची आहे. रस्त्याचे इंग्रजी नाव ‘ताबा’ लक्षात ठेवते. चिनी नावाचा अर्थ मात्र ‘ओढ्याचे मुख’ असा आहे. इंग्रजांनी जिंकल्याची आठवण ठेविली, रहिवाशांनी पाण्याची ठेविली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात जमिनींचा पहिला लिलाव झाला, तेव्हा बोली लावणाऱ्यांत पारशी व्यापारीही होते.

तेथून थोड्या अंतरावर तुंग वा रुग्णालय आहे. पूर्वी या भागातील एका देवळाच्या ओसरीवर मरणासन्न चिनी मजुरांना मुडद्यांच्या शेजारी आणून टाकीत. १८६९ साली हा प्रकार उघडकीस आल्यावर मोठा गवगवा झाला आणि चिनी व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन १८७२ साली हे रुग्णालय उघडले. सरकारने जी मोठी रक्कम दिली, ती जुगाराच्या परवान्यांतून जमा झालेली होती. देणगीदार व्यापाऱ्यांत अफूचे चिनी व्यापारीही होते. म्हणजे हा गुंता केवळ परदेशी लोकांचा नव्हता.

रुग्णालयाच्या मागील चढावर ताई पिंग शान नावाची वस्ती आहे. आज तेथे एक टुमदार बाग आहे आणि वडासारख्या झाडांखाली म्हातारी माणसे बसलेली दिसतात. ही बाग कशी झाली, हे कळल्यावर आम्ही थबकलो. १८९४ च्या उन्हाळ्यात याच दाटीवाटीच्या चाळींत प्लेगचा कहर झाला. त्या वर्षी शहरात सुमारे अडीच हजार माणसे मेली. पाश्चरांचे शिष्य येर्साँ आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो या दोघांनी येथेच प्लेगचे जंतू शोधले. सरकारने घरे पाडली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे ही बाग केली.

दोन वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, तोच प्लेग मुंबईत गोदीजवळच्या मांडवी भागात प्रकटला. तो बहुधा हाँगकाँगहून जहाजांतील उंदरांबरोबर आला. मांडवीतील पहिले रोगी ओळखून धोक्याची सूचना देणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे गोव्याचे आपले कॅथलिक बांधव. त्यांचा पुतळा आपण धोबीतलावजवळ पाहतो. पुढील काही दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या जुन्या गावठाणांतून जे प्लेगचे क्रूस आजही उभे आहेत आणि ज्यांच्यापाशी आपली मंडळी मेणबत्त्या लावून रोझरी म्हणतात, त्यांचे मूळ ताई पिंग शानच्या या चढावापर्यंत येऊन पोहोचते.

“म्हणजे फादर, आपण अफू पाठविली आणि त्यांच्याकडून प्लेग आला. देवाने हिशेब चुकता केला म्हणायचा का?” मित्रांनी विचारले. आम्हांला तसे म्हणवत नाही. ज्यांनी अफूवर नफा मिळविला, ते प्लेगच्या दिवसांत हवेशीर बंगल्यांत राहू शकले. मेले ते मांडवीचे हमाल आणि ताई पिंग शानचे मजूर. देवाचा न्याय असा आंधळा नसतो. शिवाय याच प्लेगच्या दिवसांत जे. जे. रुग्णालयाला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. अफूच्या पैशातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाच्या आवारात माणसे वाचविणारी लस तयार झाली. इतिहासाची खातेवही इतकी सरळ नसते.

तिसऱ्या दिवशी कॅथीड्रलमध्ये मिस्सा अर्पण केली. केन रोडवरील हे निष्कलंक मातेचे कॅथीड्रल १८८८ साली उघडले. वार रविवार होता. बहुसंख्य भाविक परगावच्या घरांत मोलमजुरी करणाऱ्या फिलिपिनो भगिनी होत्या. हे नवे हाँगकाँगही परक्यांच्या कष्टावर उभे आहे. त्यानंतर ट्रामने डोंगरमाथ्यावर गेलो. तीही १८८८ चीच. वरून बंदराचे जे दृश्य दिसते, त्याचे वर्णन आम्ही करीत नाही. चित्रांतून ते सर्वांनी पाहिले आहे. एवढेच सांगतो की १९०४ साली कायदा करून या माथ्यावर चिनी माणसाला राहण्यास बंदी घातली होती आणि तो कायदा १९४६ साली रद्द झाला. तोवर चिनी माणूस येथे यायचा तो नोकर म्हणून किंवा साहेबाची पालखी खांद्यावर घेऊन.

डोंगराच्या पश्चिम उतारावर हाँगकाँगचे विद्यापीठ आहे. त्याची कोनशिला १९१० साली बसली आणि १९१२ मध्ये ते उघडले. त्याच्या मुख्य इमारतीसाठी दीड लाख डॉलरांचे दान देणारे सर होरमसजी मोदी हेही मुंबईचेच. १८६० च्या सुमारास ते येथे आले आणि सावकारी व अफूचा व्यवहार करणाऱ्या एका हिंदू पेढीवर नोकरीस राहिले; पुढे दलालीत त्यांनी मोठे नाव कमाविले. विद्यापीठ उघडण्यापूर्वीच, १९११ साली, ते वारले. त्यांचे थडगे हॅपी व्हॅलीत आहे. तेथे मुसलमान, कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि पारशी यांची दफनस्थाने एका रांगेत आहेत. मुंबईत दोखम्यात देह ठेवणारे पारशी येथे संख्येने थोडे, म्हणून त्यांनी १८५२ पासून दफन पत्करले. आपल्या कॅथलिक दफनस्थानाच्या दारावरील चिनी ओळी आत जाणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मरणाची आठवण करून देतात. आणि या साऱ्या थडग्यांच्या समोर, रस्त्यापलीकडे, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान! शर्यतींवरील पैजांतून जमणाऱ्या पैशातून तेथील क्लब धर्मादायाला मोठ्या देणग्या देतो. या शहरात दान आणि डाव नेहमी शेजारी शेजारी नांदले.

वान चाय भागातील रतनजी रुग्णालय आम्ही मुद्दाम अखेरीस पाहिले. जहांगीर रतनजी हे मुंबईहून येऊन हाँगकाँगमध्ये स्थिरावलेल्या पारशी कुटुंबातील. त्यांची कन्या क्षयरोगाने गेली. महायुद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि दाटीच्या वस्त्यांत क्षयाने माणसे पटापट मरू लागली. तेव्हा त्यांनी मोठी देणगी देऊन १९४९ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडविले. ते चालविण्याची जबाबदारी घेतली सेंट कोलंबन संघाच्या धर्मभगिनींनी. त्यांतील सिस्टर मेरी अक्वायनस या आयरिश डॉक्टर भगिनीने आपले उर्वरित आयुष्य, १९८५ पर्यंत, या कामाला वाहिले. मद्रासप्रमाणेच हाँगकाँगमध्येही क्षयाच्या औषधांचे जे शास्त्रशुद्ध प्रयोग झाले, त्यांचा लाभ पुढे साऱ्या जगातील रोग्यांना मिळाला. पारशी बापाचे दुःख, आयरिश भगिनींची सेवा आणि चिनी निर्वासितांचे प्राण यांची येथे गाठ पडली. १९९१ पासून ते सर्वसाधारण रुग्णालय झाले आहे.

रुग्णालयाच्या बाहेर चहा घेताना मित्रांनी एक प्रश्न विचारला. “फादर, राग मानू नका. आपल्या चर्चच्या बाकांवर, घंटेवर, खिडक्यांच्या काचांवर देणगीदारांची नावे आहेत. पैसा कोठून आला, हे तुम्ही त्यांना विचारता का? आम्ही बोटीवरची माणसे पेटीत काय आहे ते विचारीत नव्हतो. पोहोचविणे एवढेच आमचे काम.”

प्रश्न रास्त होता आणि तो केवळ आम्हांला नव्हता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला दादाभाई नवरोजींचे स्मरण झाले. १८५५ साली ते कामा पेढीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. पेढी अफू आणि दारू यांचा व्यवहार करीत होती. त्या नफ्यातील वाटा त्यांच्या मनाला पटेना. तीनच वर्षांत ते पेढीतून बाहेर पडले आणि पुढे त्यांनी कापसाचा स्वतंत्र व्यापार मांडला. १८८० साली त्यांनी अफूच्या व्यापारावर उघड व कठोर टीकाही केली. त्याच समाजातील, त्याच काळातील, त्याच व्यापारी वातावरणात वाढलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता आले. ‘काळच तसा होता’ ही सबब त्यांनी आपल्यासाठी उरू दिलेली नाही.

दुसरे स्मरण झाले ते जक्कयाचे. प्रभू येशू घरी आल्यावर या जकातदाराने दोन गोष्टी कबूल केल्या, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. परंतु त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. आपली अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देणे हे दान झाले. ज्याला फसविले असेल त्याला चौपट परत करणे ही परतफेड झाली. एकाने दुसरीची जागा भरून निघत नाही. जमशेटजींनी, ससूनांनी, फारियांनी काय दिले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता हवीच. मात्र ते सारे मिळाले मुंबईला, पुण्याला, हाँगकाँगला. कँटनच्या ज्या घरातील भांडीकुंडी अफूपायी विकली गेली, त्या घरी काही परत गेले नाही. माळव्यातील सावकाराच्या वहीतून शेतकऱ्याचे नाव खोडले गेले नाही. हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू १९०७ च्या करारानुसार हळूहळू कमी होत १९१३ साली थांबली. परतफेडीचा विषय कोणी काढला नाही.

म्हणून देणगी आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे, असे आमचे म्हणणे नाही. तसे केले असते तर जे. जे. रुग्णालय नसते आणि रतनजींचे आरोग्यधामही नसते. परंतु देणाऱ्याने पावती मागण्यापूर्वी आणि घेणाऱ्याने पाटी लावण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. हा पैसा ज्यांच्या घामातून वा अश्रूंतून आला, त्यांचे काही देणे बाकी आहे काय? कामावरील मजुराची रोजी, भावाच्या हिश्शाची जमीन, कुळाचा हक्क, विधवा वहिनीचे दागिने, हे आधी चुकते व्हावे. मग वेदीसाठी मेणबत्ती. गावातील जमिनींचे भाव चढल्यापासून आपल्या कुटुंबांत हा प्रश्न चीनच्या अफूपेक्षा कितीतरी जवळचा झाला आहे, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

सप्टेंबरात मोत माऊलीच्या सणाला हजारो भाविक माहीमचा कॉजवे ओलांडून बांद्र्याला येतात. पूर्वी पुष्कळसे पायी येत, आता बसने येतात. त्या वाटेवर पथकर नाही, तो अवाबाईंच्या शब्दामुळे. आणि तिच्याखालच्या दगडांत माळव्याच्या पोस्ताचा आणि कँटनच्या धुराचाही अंश आहे. हे ठाऊक झाले म्हणून कोणी तो रस्ता टाळावा असे नाही. जाताना अवाबाईंसाठी एक ‘नमो मारिया’ म्हणावी, आणि ज्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत त्यांच्यासाठी दुसरी.